मेटॅलिकाची घसरण नेमकी कधी सुरू झाली?

मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडच्या चाहत्यांमध्ये एक भांडण तीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे आणि ते मिटण्याची चिन्हं नाहीत. एक बाजू म्हणते, १९९१च्या 'ब्लॅक अल्बम'च्या आधीची मेटॅलिका खरी, नंतरची बाजारात जाऊन बसलेली. दुसरी बाजू म्हणते, माणसं वाढतात तसं त्यांचं संगीतही वाढतं. विशीत वाजवलं तेच साठीत वाजवत बसायचं का? पहिल्यांना प्रत्येक बदल घसरण वाटतो, दुसऱ्यांना प्रत्येक बदल वाढ वाटतो. पण दोघांच्या हातातली मोजपट्टी एकच आहे : मूळ आवाजापासून बँड किती लांब गेला. माझी तक्रार या मोजपट्टीबद्दलच आहे. मेटॅलिकाची घसरण झाली का? मधला काही काळ झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती लांब जाताना झाली नाही, परत फिरताना झाली.

आधी तो 'मूळ आवाज' म्हणजे काय, ते पाहू. ड्रम वाजवणारा लार्स उलरिक आणि गिटार वाजवत गाणारा जेम्स हेटफिल्ड लॉस एंजेलिसमध्ये १९८१च्या ऑक्टोबरात एकत्र आले, तेव्हा दोघंही सतरा-अठरा वर्षांचे होते. उलरिक मूळचा डेन्मार्कचा, टेनिसपटूच्या घरातला. त्याच वर्षी तो डायमंड हेड या ब्रिटिश बँडच्या प्रेमापोटी थेट इंग्लंडला जाऊन आला होता. त्या काळच्या ब्रिटिश हेवी मेटलमधल्या रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे सुरावटीचे छोटे तुकडे, घ्यायच्या आणि त्यांना अमेरिकी हार्डकोअर पंकचा वेग द्यायचा, हे त्यांचं सुरुवातीचं भांडवल. १९८३चा 'किल एम ऑल' हा त्याचा पहिला पुरावा. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो तेही दोन प्रवाहांच्या मिसळीतूनच आलेलं.

वर्षभरात 'राइड द लाइटनिंग' आला. कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत, फ्लेमिंग रासमुसेनबरोबर केलेला. त्यात 'फेड टू ब्लॅक' नावाचं गाणं होतं. ॲकूस्टिक गिटारने सुरू होणारं, संथ, खचलेल्या माणसाचं. कडव्या चाहत्यांनी तेव्हाच ओरड केली की हे विकले गेले. साल १९८४! बँडला बाहेरच्या जगात धड कोणी ओळखतही नव्हतं, विकत घ्यायला दारात कोणी उभं नव्हतं. आज तेच गाणं 'जुन्या, अस्सल' मेटॅलिकाच्या यादीत मानाने बसवलं जातं, आणि ते बसवणाऱ्यांना या इतिहासाची आठवण करून दिली की राग येतो.

पहिल्या अल्बमपासून चौथ्यापर्यंत पाच वर्षं गेली आणि त्या चारांतले कुठलेही दोन अल्बम एकसारखे नाहीत. १९८६च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये क्लिफ बर्टनची सुरावटींची समज सगळीकडे झिरपलेली दिसते. बर्टन पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या बाखचा भक्त होता. त्याला बेसवर घेण्यासाठी बँडने लॉस एंजेलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात बिऱ्हाड हलवलं होतं. 'ओरायन'सारखी शब्दांशिवायची रचना ऐकली की त्याचं मोल कळतं. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये दौऱ्यावरची बस उलटली आणि बर्टन गेला. वय अवघं २४. १९८८चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा त्यानंतरचा अल्बम पुन्हा वेगळाच : कोरडा, गुंतागुंतीचा, लांबलचक, आणि बेस जवळजवळ ऐकूच न येणारा. तो बेस वाजवला होता नव्याने आलेल्या जेसन न्यूस्टेडने. मिक्सिंगमध्ये त्याचा आवाज बुडवला गेला. जुन्या चाहत्यांना हा अल्बम पूजेचा वाटतो. मलाही त्यातली 'वन' आणि 'ब्लॅकन्ड' फार प्रिय आहेत. तरीही सांगतो, चार माणसांच्या बँडमध्ये चौथ्याचं ऐकणं बंद झाल्याची नोंद या 'सुवर्णकाळा'तच झालेली आहे.

मुद्दा असा की 'जुनी मेटॅलिका' नावाची एकच एक, स्थिर गोष्ट कधी नव्हतीच. सतत कूस बदलणारा एक बँड होता. १९९१च्या बदलाला विश्वासघात म्हणायचं, तर तो कशाशी केला ते सांगता आलं पाहिजे.

सगळ्याच बँडना हे लागू आहे असं मी म्हणत नाही. एसी/डीसी पन्नास वर्षं जवळपास एकाच वळणाचं संगीत करत आले आणि त्यात त्यांची प्रतिष्ठा आहे. एकाच छोट्या जागेत खोल खणत जाणं हीही साधना असते. स्लेयरने आपल्या स्वभावाशी फारशी फारकत घेतली नाही, म्हणून त्यांना कोणी थांबलेलं म्हणू नये. मात्र मेटॅलिकाचा पिंड पहिल्यापासून वेगळा होता. बदल हेच जिचं चलन होतं तिला न बदलण्याच्या कसोटीवर घासण्यात अर्थ नाही.

मग कसोटी कोणती? माझी साधी आहे. बदल करताना बँडने कुठली नवी अडचण अंगावर घेतली आणि कुठली जुनी अडचण टाळली, एवढं पाहायचं. अवघड काहीतरी नव्याने उचललं असेल, तर फसलं तरी ती वाढ आहे. उत्तर आधीच हाताशी आहे म्हणून तेच कोडं पुन्हा मांडलं असेल, तर ते कितीही सफाईने सोडवलं तरी घसरण आहे.

या कसोटीवर 'ब्लॅक अल्बम' घासून पाहू, कारण खटला तिथूनच सुरू होतो. १२ ऑगस्ट १९९१ला तो आला. निर्माता बॉब रॉक. त्याआधी त्याने मॉटली क्रू या नटव्या मेटल बँडचा अल्बम केलेला, त्यामुळे थ्रॅशवाल्यांनी, म्हणजे वेगवान मेटलच्या चाहत्यांनी, नाव ऐकताच नाकं मुरडली. नुसत्या अमेरिकेत त्याच्या दीड कोटींहून जास्त प्रती खपल्या. गाणी आखूड झाली, लय उतरली, रेडिओवर वाजू लागली. आरोपपत्र एवढंच.

आता आतली बाजू बघा. हेटफिल्डच्या उजव्या हाताची ख्याती डाउनपिकिंगसाठी आहे. गिटारच्या तारेवर पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, वर-खाली असा फिरवला तर वेग सहज मिळतो. प्रत्येक आघात वरून खालीच करायचा तर मनगटाला दुप्पट मजुरी पडते, पण प्रत्येक स्वराला सारखंच वजन येतं. 'मास्टर ऑफ पपेट्स'ची मुख्य रिफ मिनिटाला दोनशेहून जास्त ठोक्यांच्या लयीत आहे आणि ती अशी वाजवायची म्हणजे सेकंदाला सातेक आघात, सगळे वरून खाली. ही तयारी हेटफिल्डकडे विशीतच होती. १९९१ साली ती त्याच्यासाठी अडचण उरलेली नव्हती. 'एंटर सँडमन'ची लय त्याच्या निम्म्याहून थोडीशीच जास्त आहे, आणि तिथे काम कठीण होतं ते दुसरंच. संथ लयीत चूक लपत नाही. दोन आघातांमधली मोकळी जागा तोलून धरावी लागते. आपल्याकडे विलंबित गाणाऱ्याला जे भान लागतं तेच. द्रुतात तानांचा पाऊस पाडणारा गवई विलंबित ख्यालात उघडा पडतो, हे कुठल्याही मैफिलीच्या श्रोत्याला माहीत असतं.

रॉकने त्यांना स्टुडिओत एकत्र बसून, एकमेकांकडे बघत वाजवायला लावलं. आधी ते एकेकाचा भाग स्वतंत्र ध्वनिमुद्रित करून जोडत असत. त्याने त्यांच्या लक्षात आणून दिलं की तुमची सगळी गाणी 'ई' या एकाच स्वरात अडकली आहेत. तो गिटारचा सगळ्यात खालचा स्वर, म्हणून ते तिथेच थांबत. मग तारा आणखी उतरवून 'सॅड बट ट्रू' झालं आणि त्या गाण्याला जडपणा आला तो वेगाने येणारा नव्हता. बेस पुन्हा ऐकू येऊ लागला. आणि हेटफिल्ड गाऊ लागला. याच काळात ओरडून गाताना त्याचा गळा बसला आणि तो रीतसर गायनशिक्षकाकडे गेला. लाखो लोक ज्याच्या ओरडण्यावर फिदा आहेत त्याने तिशीच्या उंबरठ्यावर सूर लावायला शिकायचं, याला मी तरी बाजारूपणा म्हणणार नाही.

'नथिंग एल्स मॅटर्स' तर बँडसाठी लिहिलेलंच नव्हतं. हेटफिल्ड फोनवर बोलत होता, एक हात रिसीव्हरमध्ये अडकलेला, मोकळ्या हाताने त्याने मोकळ्या तारा छेडल्या. त्या गाण्याची सुरुवातीची सुरावट खरोखरच नुसत्या मोकळ्या तारांवर आहे, डाव्या हाताची बोटं कुठेही दाबावी लागत नाहीत. म्हणूनच पुण्या-मुंबईत गिटार हातात घेतलेल्या प्रत्येक पोराने पहिल्या आठवड्यात ती वाजवलेली असते आणि कॉलेजच्या गॅदरिंगला ती वाजल्याशिवाय राहत नाही. हेटफिल्डला ते गाणं फार खासगी वाटत होतं. ते अल्बममध्ये घेण्याचा आग्रह उलरिकचा. अशा बँडच्या पुढाऱ्याने, ज्याचे चाहते मृत्यू आणि युद्ध याखेरीज दुसरा विषय चालवून घेत नव्हते, दुराव्यात लिहिलेलं प्रेमाचं गाणं म्हणायचं, यात जोखीम होती. ती फळाला आली म्हणून नव्हतीच, असं मानणं चूक आहे.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करायला हवी. जे गमावलं ते खरंच गमावलं. 'ब्लॅक अल्बम'मध्ये 'ओरायन'सारखा विस्तार नाही, 'जस्टिस'मधली तालाची वळणं नाहीत. पण 'जस्टिस'च्या दौऱ्यात बँडलाच कळून चुकलं होतं की पावणेदहा मिनिटांचं शीर्षकगीत मंचावरून वाजवताना समोरच्या माणसांचे चेहरे उतरतात. त्या दौऱ्यानंतर ते गाणं वर्षानुवर्षं बाजूला पडलं. त्या वाटेने आणखी पुढे गेले असते तर गुंतागुंतीसाठी गुंतागुंत उरली असती. ते तिथून वळले हे बरं झालं.

'लोड' आणि 'रीलोड' (१९९६, १९९७) यांच्याबद्दल लिहिताना मला सर्वांत जास्त चीड येते ती त्यांच्यावर झालेल्या टीकेच्या दर्जाची. केस कापले, डोळ्यांत काजळ घातलं, छायाचित्रांत नटवे दिसले, यावर जितकी शाई खर्च झाली त्याच्या निम्मीही संगीतावर झाली नाही. लोक डोळ्यांनी ऐकत होते. त्या गदारोळात एक मोठी गोष्ट बहुतेकांच्या कानावरून गेली : 'लोड'पर्यंत अल्बममधली सगळी ऱ्हिदम गिटार, म्हणजे गाण्याखाली सतत चालणारी साथ, हेटफिल्ड एकटा वाजवायचा. एकाच माणसाचे दोन थर एकावर एक बसवले की ते तंतोतंत जुळतात आणि भिंतीसारखा आवाज मिळतो. 'लोड'मध्ये पहिल्यांदा बँडचा दुसरा गिटारवादक कर्क हॅमेटही ऱ्हिदम वाजवू लागला. दोन माणसं वाजवतात तेव्हा ती तंतोतंत जुळत नाहीत. एक किंचित मागे असतो, दुसरा थोडा सैल. भिंत गेली आणि संवाद आला. 'ब्लीडिंग मी' हेडफोन लावून ऐका, डावी-उजवीकडची गिटार वेगळी ओळखता येते. हॅमेटने स्लाइड गिटार हातात घेतली, हेटफिल्डने 'मामा सेड'मध्ये कंट्रीचा सूर लावला. ख्रिश्चन सायन्सच्या श्रद्धेपायी औषधोपचार न घेता त्याची आई कर्करोगाने गेली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. ती जखम 'अंटिल इट स्लीप्स'मध्ये जितकी उघडी झाली तितकी आधीच्या वेगात कधीच झाली नसती.

दोष सांगायचा तर हात आखडता घेता आला नाही, हा. 'लोड'मध्ये चौदा गाणी, एकोणऐंशी मिनिटं. सीडीवर मावेना म्हणून 'द आउटलॉ टॉर्न' हे शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत उंचीचं गाणं, सुमारे मिनिटभर कापावं लागलं. कापायची तर त्यापेक्षा 'रॉनी' किंवा 'पुअर ट्विस्टेड मी' अख्खी कापायची! 'लोड' आणि 'रीलोड' मिळून एकच, पन्नास-पंचावन्न मिनिटांचा अल्बम निघाला असता तर आज हे भांडण निम्मं तरी मिटलं असतं. तरीही संपादनाची चूक म्हणजे घसरण नव्हे. १९९९च्या एप्रिलमध्ये संगीतकार मायकेल केमनने सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी हा वाद्यवृंद घेऊन त्यांच्याबरोबर जे केलं, ते याच दशकात कमावलेल्या मोकळेपणामुळे शक्य झालं.

'सेंट अँगर' (२००३) हा सगळ्यांचा आवडता पंचिंग बॅग. मला तो आवडत नाही. उलरिकच्या स्नेअर ड्रमची खालची तार सोडलेली, म्हणून प्रत्येक ठोका पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. सोलो, म्हणजे गिटारने एकट्याने पुढे येऊन वाजवलेला भाग, एकही नाही. तुकडे संगणकावर जोडून गाणी केलेली आणि तो जोडकामाचा शिवण दिसतो. पण ती माणसं कुठून आली होती तेही पाहायला हवं. २००१च्या जानेवारीत न्यूस्टेड निघून गेला. चौदा वर्षांनंतरही त्याला बाहेरच्या एका बँडमध्ये वाजवायची मोकळीक मिळत नव्हती. उन्हाळ्यात हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी गेला. महिन्याला ४०,००० डॉलर घेणारा मानसोपचाराचा सल्लागार बँडबरोबर बसत होता. हे सगळं 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' या माहितीपटात नोंदलं गेलं आहे. त्यात हॅमेटचा एक मुद्दा आहे तो मला लाखमोलाचा वाटतो : सोलो गाळले तर हा अल्बम आजच्या काळाशीच बांधला जाईल. त्याचं बरोबर होतं. त्या वर्षी सोलो न वाजवण्याची फॅशन होती आणि मेटॅलिकाने ती नियम म्हणून स्वीकारली. एवढ्यापुरता अल्बम खोटा आहे. बाकी, तुटलेल्या बँडचा तुटलेला आवाज आहे तो. पडले, सपाटून पडले, पण नव्या जागी पडले.

आपल्याकडे बदललेल्या कलावंताचा विषय निघाला की कुमार गंधर्वांचं नाव येतंच. क्षयाने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला गवई देवासला राहून माळव्याची लोकगीतं ऐकतो आणि उठतो तेव्हा गाणं नव्याने उभं करतो. उदाहरण थोर आहे, पण इथे पुरत नाही. गवई एकटा असतो. त्याला स्वतःशी झगडायचं असतं. बँडला एकमेकांशी झगडून, एकमेकांचं ऐकून, तरीही एकत्र राहून बदलायचं असतं. बर्टन गेला, न्यूस्टेड आला आणि घुसमटून गेला, २००३ला रॉबर्ट ट्रुहियो आला. प्रत्येक वेळी उरलेल्यांनी नव्या माणसाला किती जागा दिली यावर आवाज ठरला. म्हणून बँडच्या बदलाबद्दल बोलताना 'माणूस वयाने बदलतोच' हे बचावाचं वाक्य फार तोकडं पडतं.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. १२ सप्टेंबर २००८ला 'डेथ मॅग्नेटिक' आला आणि चाहत्यांनी सुटकेचा निश्वास टाकला. मेटॅलिका परत आली! निर्माता रिक रुबिन. जुन्या दिवसांत तुम्ही कसा विचार करायचात तिथे जा, हा त्याचा आग्रह होता आणि बँडने तो मोकळेपणाने सांगितलाही. वेग परत आला, सोलो परत आले, सात-आठ मिनिटांची गाणी परत आली.

गाण्यांचा क्रम नुसता पाहा. 'राइड द लाइटनिंग'मध्ये चौथं गाणं 'फेड टू ब्लॅक'. 'मास्टर'मध्ये चौथं 'वेलकम होम'. 'जस्टिस'मध्ये चौथं 'वन'. तिन्ही संथ सुरू होतात आणि पेटत जातात. 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये चौथं गाणं 'द डे दॅट नेव्हर कम्स' : संथ, वेगळ्या छेडलेल्या तारांची सुरुवात, मध्ये पेटणं, शेवटाकडे 'वन'च्या धर्तीवरची गिटारची धाव. 'मास्टर'च्या शेवटून दुसऱ्या जागी 'ओरायन', शब्दांशिवायची रचना, आणि अखेरीस 'डॅमेज इन्क.', झपाट्याचं. 'जस्टिस'मध्ये त्याच जागी 'टू लिव्ह इज टू डाय' आणि अखेरीस 'डायर्स ईव्ह'. 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये? शेवटून दुसरी शब्दांशिवायची 'सुइसाइड अँड रिडेम्प्शन', आणि अखेरीस झपाट्याचं 'माय अपॉकॅलिप्स'. भरीस भर म्हणून 'ब्लॅक अल्बम'मधल्या 'द अनफरगिव्हन' या गाण्याचा तिसरा भाग. पाटीवर आधीच उमटलेलं अक्षर पुन्हा गिरवावं तसं हे आहे. अक्षर वळणदार आहे, गिरवणारा हात सराईत आहे, पण लिहिण्यासारखं नवं काही तिथे नाही.

१९८६ साली हा क्रम म्हणजे एका प्रश्नाला सापडलेलं उत्तर होतं. वेग आणि आघात यांच्या अल्बममध्ये श्रोत्याला श्वास कुठे द्यायचा, ताण कुठे चढवायचा, शेवट कसा फोडायचा? २००८ साली उत्तर आधी ठरलेलं होतं आणि प्रश्न त्याच्यामागे जोडला गेला. शिवाय या परतीची किंमत मोजावी लागली ती १९९१ ते १९९९ मध्ये कमावलेल्या गोष्टींनी. खालच्या पट्टीत गाणं, दोन गिटारींमधली सैल मोकळीक, मधल्या जागांचा तोल, यातलं बरंचसं त्यांनी दाराबाहेर ठेवलं. त्यात ध्वनिमुद्रण इतकं दाबून मोठं केलं की आवाज फाटतो. एका व्हिडिओ गेमसाठी दिलेल्या त्याच गाण्यांच्या आवृत्तीत तो फाटका आवाज नाही, हे कळल्यावर हजारो चाहत्यांनी अल्बम नव्याने मिक्स करा म्हणून अर्जावर सह्या केल्या. सगळं सतत मोठ्याने असलं की मोठ्याला काही अर्थ उरत नाही. 'फेड टू ब्लॅक'चं संथपण ज्यांना १९८४ साली कळलं होतं त्यांनी हे करावं, याचं मला वाईट वाटतं.

'विकले गेले' हा शब्दप्रयोग जर गिऱ्हाईक मागेल ते देणं या अर्थाने वापरायचा असेल, तर तो १९९१ला लावायचा की २००८ला? १९९१ साली थ्रॅश बँडकडून संथ, सुरेल अल्बम कोणीही मागितला नव्हता. तो इतका खपेल याची खात्री कोणाला देता आली नसती. उलट २००८च्या आधी सतरा वर्षं लाखो लोक एकच मागणी करत होते : जुनी मेटॅलिका द्या. त्यांनी दिली.

अर्थात 'ऑल नाइटमेअर लाँग' जोरकस गाणं आहे आणि बँड मोडकळीला आलेला असताना पुन्हा एकत्र वाजवताना दिसणं हीही लहान गोष्ट नव्हती. आजारातून उठलेला माणूस आधी ओळखीच्या रस्त्याने चालतो, हे मी समजू शकतो. पण चाहत्यांनी त्या चालण्याला शर्यत जिंकल्याचं पदक दिलं आणि बँडलाही तेच खरं वाटू लागलं. २०१६च्या 'हार्डवायर्ड'मधली बरीच गाणी त्या पदकाच्या ओझ्याखाली वाकलेली आहेत. 'स्पिट आउट द बोन' मात्र अपवाद. तो वेग आठवणीतून आलेला नाही, आत्ताचा आहे.

मधल्या काळात त्यांनी एक वेडं धाडसही केलं. ३० ऑक्टोबर २०११ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिका भारतात पहिल्यांदा वाजली. दोन दिवस आधीचा गुरुग्रामचा कार्यक्रम गोंधळात रद्द झाला होता, त्यामुळे बंगळुरूच्या रात्रीला आणखीच धार आली. पुण्या-मुंबईहून पोरं मिळेल त्या गाडीने गेली. आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, अमेरिकी रॉक गायक लू रीडबरोबर केलेला 'लुलू' बाजारात आला. जर्मन नाटकांवर बेतलेला, एकोणसत्तर वर्षांच्या रीडच्या पठणावर मेटॅलिकाची साथ. सगळ्यांनी मिळून तो पायदळी तुडवला. त्यातला बराचसा भाग मलाही ऐकवत नाही. तरी एकोणीस मिनिटांचं 'ज्युनिअर डॅड' ऐकताना हाच बँड असा थांबून, दबून, दुसऱ्याच्या आवाजामागे उभा राहू शकतो हे कळतं आणि 'डेथ मॅग्नेटिक'च्या कुठल्याही गाण्यापेक्षा त्यात शिकलेलं जास्त दिसतं.

आपल्याकडच्या श्रोत्यांना या भांडणात एक फायदा आहे, तो आपण वापरत नाही. नव्वदीत केबल आली आणि आपल्यातल्या अनेकांच्या कानावर आधी 'ब्लॅक अल्बम' पडला. मग मित्राकडून कॅसेट भरून घेत आपण मागे मागे गेलो. अनेकांनी 'मास्टर' ऐकला तो 'लोड' येऊन गेल्यावर. आपल्यासाठी वेगवान मेटॅलिका हीच नवी होती. ज्याने उलट्या क्रमाने ऐकलं त्याने अमेरिकेतल्या १९८३च्या श्रोत्याचा विरह उसना घ्यायचं काही कारण नाही. त्याचा विरह खरा आहे. त्यात त्याचं तारुण्य अडकलेलं आहे. आपण आपल्या कानांनी निवाडा करावा.

१४ एप्रिल २०२३ला आलेला '७२ सीझन्स' या दृष्टीने फार बोलका आहे, कारण त्यात दोन्ही वाटा शेजारी शेजारी दिसतात. शीर्षकाचा अर्थ आयुष्याची पहिली अठरा वर्षं. हेटफिल्ड २०१९ला पुन्हा व्यसनमुक्तीला जाऊन आलेला, साठीला टेकलेला. बालपणाने आपल्याला काय करून ठेवलं याचा हिशेब तो मांडतो आहे. त्यातलं 'लक्स इटर्ना' सर्वांत आधी लोकांसमोर आलं : साडेतीन मिनिटांच्या आतलं, तरुणपणच्या ब्रिटिश बँडना सलाम करणारं, धावतं. सगळे खूश झाले. अल्बमच्या अखेरीस 'इनामोराटा' आहे, अकरा मिनिटांहून जास्त, बँडच्या स्वतःच्या रचनांमध्ये सर्वांत लांब. ते घाई करत नाही. मध्यावर गिटार बाजूला होतात आणि ट्रुहियोचा बेस पुढे येतो, मग दोन गिटार एकमेकींशी जुळवत, हळूहळू परततात. दुःखाशी लागलेल्या लळ्याबद्दलचं हे गाणं विशीतला हेटफिल्ड लिहू शकला नसता आणि तिशीतली मेटॅलिका त्याला इतका वेळ देऊ शकली नसती. अनेक चाहत्यांनी त्यालाच लांबलेलं, सुस्त म्हणून नावं ठेवली.

पुढचा अल्बम येईल तेव्हा तो 'लक्स इटर्ना'च्या बाजूने झुकेल की 'इनामोराटा'च्या, यावर बरंच काही अवलंबून आहे. त्यांच्या अलीकडच्या दौऱ्यात ते एका शहरात दोन रात्री वाजवतात आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं घेत नाहीत. त्यामुळे नव्वदीतल्या, टाकून दिलेल्या वाटणाऱ्या गाण्यांनाही मंच मिळतो आहे. म्हणजे बँडला आपला सगळा इतिहास आपला वाटू लागला आहे. मला 'इनामोराटा'च्या बाजूचा अल्बम हवा आहे : संथ, खालच्या पट्टीतला, बेसला जागा देणारा, लागलंच तर सोलो नसलेला. तो फसला तरी चालेल. 'मास्टर ऑफ पपेट्स' माझ्याकडे आहे, तो मला त्यांच्याकडून दुसऱ्यांदा नको.